कारलं एक, वाड्या दोन, घरं अनेक



साडीच्या दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "ताई, आपल्याकडं व्हरायटी लय आहे." कृषी सेवा केंद्रात बियाणं आणायला गेलं की तिथंही तेच, "कुठली व्हरायटी देऊ?" आणि प्रशिक्षणाला कृषी विद्यापीठातल्या मॅडम आल्या की फळ्यावर लिहितात, जाती, उपजाती, व्हरायटी. शब्द एक आणि माणसागणिक अर्थ वेगळा. साडीचं सोडून देऊ, तिथं गोंधळ झाला तरी बिघडत काही नाही. बियाण्यात मात्र बिघडतं. म्हणून आजचा विषय घेतला आहे व्हरायटी या शब्दाचा.

विषय निघाला तो असा. आपल्या भागातले काही बचत गट परसबागेतलं बी राखतात, एकमेकींना देतात, आणि आता त्यांना जत्रेत, प्रदर्शनात त्याची छोटी पाकिटं ठेवायची आहेत. पाकिटावर काय लिहायचं यावरून बैठकीत वाद झाला. एक म्हणाली 'जात: गावठी कारलं' लिहा. दुसरी म्हणाली जात नव्हे, वाण. तिसरीच्या मुलीनं मोबाइलवर बघून सांगितलं, ही तर कारल्याची एक 'व्हरायटी' आहे, तिला लॅटिन नाव आहे, तेच टाका म्हणजे भारी दिसेल. तिघींचंही थोडं थोडं बरोबर होतं, म्हणून तर वाद मिटेना.

आधी शिडी समजून घेऊ. तुमच्या पत्त्यात जिल्हा असतो, त्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात वाडी. झाडांचाही असा पत्ता असतो. भोपळा, दुधी, काकडी, कलिंगड, दोडका, पडवळ, तोंडली आणि कारलं हे सगळे एका जिल्ह्यातले. त्याला कुल म्हणतात, भोपळ्याचं कुल. त्यात कारल्याचा तालुका वेगळा, त्याला वंश म्हणतात आणि त्याचं लॅटिन नाव मोमॉर्डिका. तालुक्यातलं गाव म्हणजे जाती. आपल्या कारल्याच्या जातीचं नाव मोमॉर्डिका चारँशिया. आणि गावातली वाडी म्हणजे व्हरायटी. मराठी पुस्तकांत तिला 'प्रकार' म्हणतात. जाती आणि प्रकार यांच्या मध्ये कधी कधी 'उपजाती' अशी आणखी एक पायरी असते, आणि प्रकाराच्याही खाली 'रूप' नावाची एक असते. पण आपलं काम जाती आणि प्रकार या दोहोंवर भागतं. एक सूचना: काही पुस्तकांत जातीला प्रजाती म्हटलेलं असतं. त्यानं घाबरून जाऊ नका, पत्त्यातली पायरी कितवी आहे ते बघा.

आता प्रत्यक्ष कारल्याच्या तालुक्यात फिरून येऊ, कारण नुसत्या शिडीनं काही कळत नाही.

पावसाळ्यात आपण चार तऱ्हेची कारली खातो. एक बाजारातलं लांब कारलं. दुसरं बांधावर, कुंपणावर आपोआप चढणारं बारीक कारलं, बोटाएवढं, दोन्ही टोकांना निमुळतं, वेल नाजूक, फूलही लहान आणि कडूपणा विचारू नका. तिसरी करटोली, काट्याकाट्यांची हिरवी गोलसर, जिच्यासाठी पहिल्या पावसानंतर रानात जायचं. चौथी कडवंची, सोलापूर-मराठवाड्याकडच्या मैत्रिणींना लगेच कळेल, इवलीशी, शिरा असलेली, तेलात परतून दाण्याचं कूट घातलं की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

दिसण्यावरून कुणीही सांगेल, बांधावरचं बारीक कारलं, करटोली आणि कडवंची ही तिन्ही लहान, म्हणजे ही एकमेकींच्या जवळची आणि बाजारातलं लांब कारलं वेगळं. वनस्पतिशास्त्र उलटं सांगतं. बांधावरचं बारीक कारलं आणि बाजारातलं लांब कारलं एका गावचे, एकच जाती, फक्त वाड्या दोन. करटोली वेगळं गाव आहे, मोमॉर्डिका डायोइका. कडवंची तिसरं गाव, मोमॉर्डिका सिम्बलॅरिया. तालुका तेवढा सगळ्यांचा एक.

हे कशावरून? करटोलीचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. म्हणून तर कुणी कुणी करटोलीची लागवड करते आणि वेल छान वाढूनही एक फळ लागत नाही. सगळे नरच लावलेले असतात, नाहीतर सगळ्या माद्या आणि नर एकही नाही. कारल्याचं तसं नाही, एकाच वेलावर नर फुलं आणि मादी फुलं दोन्ही. करटोलीचं फूल संध्याकाळी उमलतं, कारल्याचं पहाटे-सकाळी. करटोली आणि कडवंची दोन्ही जमिनीतल्या कंदातून दर पावसाळ्यात फुटतात, कारलं बियांवरच येतं. इतकंच नव्हे, पेशीच्या आत जी गुणसूत्रं असतात ती कारल्याची २२ आणि करटोलीची २८. म्हणून परसात कारलं आणि करटोली शेजारी शेजारी असली तरी त्यांचा आपोआप संकर होत नाही. बांधावरचं बारीक कारलं आणि मांडवावरचं लांब कारलं यांचा मात्र सहज होतो. फुलं त्याच वेळेला उमलतात, मधमाशी त्याच फेरीत इकडून तिकडं जाते आणि तिला वाडी-बिडी काही कळत नाही.

बी राखणारीसाठी या शिडीचा सगळ्यांत मोठा उपयोग हा आहे. गाव एक असेल तर सोयरीक होते. गाव वेगळं असेल तर सहसा होत नाही. दिसण्यावर जाऊ नका.

दुसरं उदाहरण घ्या. चिबूड आणि खरबूज दिसायला, वासाला वेगळे, पण गाव एक, कुकुमिस मेलो. दोन्हींचं बी राखायचं असेल तर शेजारी लावू नका. आपली नेहमीची काकडी, कोकणातलं मोठं तवसंसुद्धा, वेगळ्या गावचं, कुकुमिस सॅटायव्हस. त्यामुळं काकडीशेजारी खरबूज लावलं म्हणून खरबूज फिकं निघालं असं जे म्हणतात त्यात तथ्य नाही. तेव्हा कारण पाण्यात, उन्हात, नाहीतर घाईनं तोडण्यात शोधा. कोबी आणि फ्लॉवर तर त्याहून नवलाचे. एकाचा गड्डा पानांचा, दुसऱ्याचा फुलांचा, पण जाती एकच आणि शास्त्रज्ञांनी त्यांना दोन प्रकार मानलं आहे. कोबीला बी धरायला चांगली थंडी लागते आणि आपल्याकडं ते बी कुणी राखत नाही, म्हणून त्याची चिंता नको.

आता 'प्रकार' ठरवतं कोण आणि कसं?

झाडांना दोन शब्दांची लॅटिन नावं देण्याची रीत पक्की केली ती स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं, त्याचं मोठं पुस्तक १७५३ साली आलं. कारल्याचं नावही त्यानंच दिलेलं. त्याच्या मते जाती ही खरी, आणि प्रकार म्हणजे माती, हवा, ऊन, वारा यांनी झालेला वरवरचा बदल. बागेतल्या हौशी माळ्यांच्या नवनव्या प्रकारांना तो फारशी किंमत देत नसे. आता शास्त्र तसं मानत नाही. आता प्रकार म्हणायचं तर फरक बियांतून पुढच्या पिढीत उतरला पाहिजे. उकिरड्यावरचा वेल जोमदार आणि माळावरचा खुरटा, हा मातीचा फरक झाला, प्रकाराचा नाही. याची परीक्षा आपल्यालाही करता येते. दोन्ही ठिकाणचं बी एकाच वाफ्यात, एकाच दिवशी, तेच खत-पाणी देऊन लावा. तरीही बारीक ते बारीकच राहिलं तर फरक रक्तातला आहे. बांधावरचं कारलं या परीक्षेत बारीकच राहतं.

या बारीक कारल्याची कागदावरची गोष्ट मला फार आवडते. विल्डेनो नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८०५ साली त्याला स्वतंत्र जाती मानून मोमॉर्डिका म्युरिकाटा असं नाव दिलं, म्हणजे वेगळं गावच. पुढं भारतातल्या भोपळ्याच्या कुलाचा अभ्यास करणारे आपल्याकडचे चक्रवर्ती यांनी ते कारल्याच्या गावातली वाडी म्हणून धरलं. म्हणजे बारीक कारलं जातीच्या पायरीवरून प्रकाराच्या पायरीवर आलं. वेल तोच, फळ तेच, कडूपणाही तोच. बदललं ते माणसांचं मत. काही शास्त्रज्ञ तर ही वाडीही वेगळी मानत नाहीत, सगळं एकच कारलं म्हणतात. म्हणून कुणी पुस्तक दाखवून म्हणालं की ही वेगळी व्हरायटी आहे आणि दुसऱ्यानं म्हटलं की नाही, तर दोघांतलं एक खोटं बोलतंय असं समजू नका. पायरी हा अभ्यासकांचा निर्णय असतो, आणि पुराव्यानं तो बदलतो.

आणि गंमत बघा. म्युरिकाटाला वाडी मानलं त्याबरोबर उरलेल्या कारल्यालाही वाडीचं नाव द्यावं लागलं. ते आपोआप पडतं, जातीचंच नाव पुन्हा एकदा: मोमॉर्डिका चारँशिया, प्रकार चारँशिया. ऐकायला विचित्र वाटतं. पण घरात एकच सून असते तोवर ती नुसती सूनबाई असते. धाकटी आली की त्याच दिवशी पहिली थोरली होते. तिच्यात बदल काहीच झालेला नसतो.

ही झाली वनस्पतिशास्त्रातली व्हरायटी, म्हणजे प्रकार. ती बहुतेक आपली आपण, निसर्गात घडलेली. आता दुकानदाराची व्हरायटी.

दुकानदार जेव्हा म्हणतो, कुठली व्हरायटी देऊ, हिरकणी का फुले ग्रीन गोल्ड, तेव्हा तो वाडीबद्दल बोलत नसतो. हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेले, कोकण तारा दापोलीच्या. ही माणसांनी बांधलेली घरं आहेत. कुणीतरी वर्षानुवर्षं निवड केली, हवं ते ठेवलं, नको ते उपटलं, आणि एकसारखं फळ देणारं बी तयार झालं. याला मराठीत आपला फार चांगला शब्द आहे, वाण. संक्रांतीचं ते वाण वेगळं आणि हा वाण वेगळा, पण हातानं हाताला द्यायची वस्तू दोन्ही. अशा लागवडीतल्या वाणांसाठी शास्त्रज्ञांनी वेगळा शब्दही काढला आहे, कल्टिव्हर. अमेरिकेतल्या लिबर्टी हाइड बेली यांनी तो १९२३ साली सुचवला, नेमका हाच गोंधळ टाळायला. वाणांची नावं लॅटिनमध्ये द्यायची नसतात, साध्या भाषेत द्यायची असतात. म्हणून हिरकणी नाव चालतं. वाडीला ते चालणार नाही.

आंब्याचंही हेच. आपण विचारतो, ही आंब्याची कुठली जात? हापूस, पायरी, केशर यांची जाती एकच, मँजिफेरा इंडिका. हापूस हा वाण आहे. कलमानं वाढवतो म्हणून तो टिकतो. त्याची कोय लावली तर हापूस येत नाही. भातात आंबेमोहोर हा आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला वाण, आणि इंद्रायणी हा त्याच आंबेमोहोराचा आयआर-८ शी संकर करून काढलेला वाण. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या बियाणे बँकेत वालाचे, घेवड्याचे कितीतरी रंग बघायला मिळतात. पांढरा, काळा, ठिपक्यांचा. वालाची ती सगळी वालाचीच जाती, आणि प्रत्येक डबा एक वाण. जाती राखायला एक डबाही पुरला असता. वाण राखायचे म्हणून इतके डबे लागले.

जाता जाता जनावरांचं सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. खिलार, डांगी, लाल कंधारी यांनाही आपण जात म्हणतो. ते पैदाशीचे वाण झाले, गाय एकच. आणि प्राण्यांच्या वर्गीकरणात व्हरायटी ही पायरीच नाही, उपजातीवर शिडी संपते.

आता तिसरी व्हरायटी, कायद्यातली. इथं जरा सावकाश ऐका, कारण गटाच्या पैशाचा आणि हक्काचा विषय आहे.

आपल्या देशात २००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. त्यात वाणाची व्याख्या आहे. तिचा साध्या मराठीत अर्थ असा: वर्गीकरणात माहीत असलेली जी सर्वांत खालची पायरी, तिच्या आत बसणारा झाडांचा गट, जो निदान एका गुणात तरी दुसऱ्यांपासून वेगळा ओळखता येतो आणि बी धरून पुन्हा लावला तरी बदलत नाही. म्हणजे कायद्यानं शिडी मोजली, शेवटच्या वाडीपर्यंत गेला, आणि म्हणाला, आता या वाडीतलं घर दाखवा. वाडी कुणाच्या नावावर होत नाही. घर होतं.

मघाच्या पाकिटावर परत बघा. 'मोमॉर्डिका चारँशिया, प्रकार म्युरिकाटा' असं लिहिलं तर खोटं नाही, पण तुमचं त्यात काही नाही. ती वाडी आहे. तेच नाव कोकणातलं, विदर्भातलं, केरळातलं कुणीही आपल्या पाकिटावर लिहील. नुसतं 'रानकारलं' लिहिलं तर त्याहून गोंधळ, कारण काही भागांत करटोलीलाच रानकारली म्हणतात, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन भांडायला परत येईल. पण समजा तुमच्या गावात एखाद्या आजीनं वीस-पंचवीस वर्षं एकच बारीक कारलं राखलं असेल, दरवर्षी पांढुरकी, कमी शिरांची फळं बियाला ठेवली असतील, आणि आता तिच्या बियातून तशीच फळं येत असतील, तर ते घर झालं. त्याला नाव देता येतं आणि त्याच्यावर हक्क सांगता येतो.

या कायद्यात 'शेतकरी वाण' असं वेगळं कलम आहे. शेतकऱ्यांनी परंपरेनं शेतात लावलेला, शेतात घडवलेला वाण, किंवा ज्याची शेतकऱ्यांना सर्वसाधारण माहिती आहे असं रानटी किंवा स्थानिक बियाणं. त्याची दिल्लीच्या प्राधिकरणात नोंद होते. पिकांची यादी सरकारनं जाहीर केलेली आहे, त्या यादीतल्याच पिकांची. शेतकऱ्याला त्यासाठी फी नाही. वाण नवीन असण्याची अट नाही, आणि ते बरोबरच आहे, आजीचा वाण नवीन कसा असेल? तीन गोष्टी मात्र बघतात. दुसऱ्यांहून वेगळा आहे का, एकसारखा आहे का, आणि पुन्हा पेरला तर तसाच राहतो का. एकसारखेपणात शेतकरी वाणाला थोडी सूट आहे. अर्जावर गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठ अशा कुणाची तरी शिफारस लागते. आपल्या कित्येक ग्रामपंचायतींत ही समिती कागदावर असते आणि सदस्यांना ती आहे हे माहीत नसतं. पुढच्या ग्रामसभेत विचारा.

नोंदीचा उपयोग काय? एक म्हणजे उद्या एखाद्या कंपनीनं किंवा संस्थेनं तुमचा वाण घेऊन त्यातून नवीन वाण काढला तर त्यातला वाटा मागायला जागा राहते. पिकांच्या वाणाला हे संरक्षण १५ वर्षं असतं, झाडांना आणि वेलवर्गीय फळपिकांना १८. दुसरं म्हणजे स्थानिक वाण राखणाऱ्या समूहांना सरकारचा पुरस्कार आहे, १० लाख रुपयांपर्यंतचा.

आणि नोंद नसली तरी जे हक्क आहेत ते तर पाठच करा. याच कायद्याच्या ३९ व्या कलमात आहे: शेतकरी आपल्या शेतातलं बी राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवघेव करू शकतो, विकूही शकतो, दुसऱ्याच्या नोंदलेल्या वाणाचं असलं तरी. फक्त त्या नोंदलेल्या वाणाचं बी छाप मारून, नावाच्या पाकिटात, म्हणजे ब्रँड करून विकता येत नाही. २०१९ साली गुजरातमधल्या बटाटा शेतकऱ्यांवर पेप्सिको कंपनीनं आपला नोंदलेला वाण लावला म्हणून दावे केले होते, एकेकावर कोटी रुपयांचा. देशभर आवाज उठला, शेतकरी हक्काचं हेच कलम पुढं आलं, आणि कंपनीनं दावे मागं घेतले. तिथं भांडण बटाटा या जातीबद्दल नव्हतं. बटाटा कुणाच्या बापाचा नाही. भांडण एका घराबद्दल होतं, एका वाणाबद्दल. पाकिटात भरून दुकानातून नियमित विक्री करायची असेल तर मात्र बियाणे विक्रीचा परवाना लागतो, ती चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं आधी करा आणि मगच पाकिटं छापा.

काही जणी विचारतील, आजरा घनसाळला मानांकन मिळालं ते हेच का? नाही. ते भौगोलिक मानांकन, गावाच्या मातीशी आणि नावाशी जोडलेलं. तो वेगळा कायदा, त्याच्यावर वेगळं बोलू.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नोंदीची घाई नको. आधी घर उभं आहे का ते बघा. मी ज्या गटांच्या बरण्या पाहिल्या आहेत, त्यांत वालाच्या, उडदाच्या, भाताच्या बरण्या बहुतेक शुद्ध असतात. कारण भात आपल्या फुलातच आपलं परागण उरकतो. बियाणे प्रमाणीकरणात भाताच्या दोन वाणांत ३ मीटर अंतर ठेवलं तरी पुरतं. कारल्याला ५०० मीटर लागतं, मूळ बियाण्याला १०००. परसात एवढं अंतर कुठून आणायचं? शेजारणीच्या मांडवावर बाजारातलं संकरित कारलं असतं आणि आपल्या कुंपणावर आजीचं. दोघांची वाडी वेगळी असली तरी गाव एक. यंदाचं फळ बारीकच दिसेल, कारण फळ आईच्या वळणावर जातं. शेजारचा पराग बियात उतरतो आणि पुढच्या वर्षी उगवल्यावर दिसतो. तोवर ते बी दहा जणींना वाटून झालेलं असतं.

म्हणून कारल्याचं बी राखणारीनं हातानं परागण करावं. अवघड नाही. मादी फूल ओळखायचं, त्याच्या मागं इवलंसं कारलं असतं. नर फुलाच्या मागं नुसता बारीक देठ. संध्याकाळी उद्या उमलतील अशा दोन-चार मादी कळ्या आणि दोन-चार नर कळ्या हेरायच्या. मादी कळीवर कागदाची पिशवी किंवा जुन्या मलमलीचा तुकडा सैल बांधायचा, नर कळीवरही. सकाळी लवकर, मधमाश्या कामाला लागायच्या आत, नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवायचा. पिशवी परत बांधायची. तीन-चार दिवसांनी मागचं कारलं फुगायला लागलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा. नर फूल दुसऱ्या वेलाचं घेतलं तर उत्तम, पण वेल त्याच वाणाचा हवा. एकाच वेलावर वर्षानुवर्षं भिस्त ठेवू नका, निदान आठ-दहा वेलांचं बी एकत्र राखा.

घरात सगळ्यांना सांगून ठेवा की लाल दोऱ्याचं कारलं भाजीला तोडायचं नाही, विशेषतः सासूबाईंना, कारण सकाळी परसात पहिल्या त्याच जातात. फळ वेलावरच पिवळं-नारिंगी होऊ द्यायचं. तडकायच्या बेतात आलं की काढायचं. आत बियांवर लाल गर असतो, तो राखेनं चोळून धुवायचा, बी सावलीत वाळवायचं आणि बरणीत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर लिहायचं: पीक कारलं, वाणाचं आपण ठेवलेलं नाव, वेल कुणाच्या परसातला, तिच्याकडं बी कुणाकडून आलं, फळाचा रंग, लांबी, आणि वर्ष. 'व्हरायटी' हा रकाना असलाच तर त्यात वाणाचंच नाव घाला.

ज्यांच्याकडं असं जुनं राखलेलं कारलं असेल त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडं नाव द्या. दिवाळीनंतरच्या प्रभाग संघाच्या बैठकीला येताना दोन-दोन पिकली फळं घेऊन या, म्हणजे कुणाचं कारलं कुणाच्या घरातलं ते शेजारी ठेवून बघता येईल.